शेवरीचा मांडव

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी आंब्यांची अढी उलथत बसले होते. कोकणातल्या बाईला मे महिन्यात घराबाहेर काढायचं तर निमित्तही तसंच दणदणीत लागतं. सुवर्णा म्हणाली, "बाई, आमच्या वाडीच्या माळावर तीन दिवस गाणं ठेवलंय. भजनं, गजीढोलाचा नाच, धनगरी ओव्या, सगळं आहे. तुम्ही या आणि कार्यक्रम नीट लावून द्या."

सुवर्णा माझी जुनी विद्यार्थिनी. देवरुखला डी.एड.ला होती तेव्हा मी तिथे संगीत शिकवायचे. आता ती वडूजच्या पुढे, सासरच्याच वाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सासर पिढीजात मेंढपाळांचं. मी विचारलं, "या उन्हात कुठे गं गाणं? थंडीत ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"थंडीत माळ छान असतो बाई, पण माणसं नसतात. मेंढरं घेऊन सगळे खाली कृष्णाकाठाला गेलेले असतात. गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर परमुलखात गेलेले, तेही सुट्टीत आत्ताच येतात. फौजेतली मुलं रजा घेतात ती आत्ताच. पाऊस लागला की परत सगळे पांगले."

मग ती म्हणाली, "आणि मामंजी गाणार नाही म्हणतात. तेही बघायचंय."

मी पेटीवाली बाई आहे, सासऱ्याची समजूत घालणारी नाही, असं मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी अढी शेजारणीच्या हवाली करून निघाले.

मिरजेजवळ, पानमळ्यात

मिरजेला जायचं कारण दुहेरी होतं. माझ्या पेटीचा भाता फाटला होता, आणि माळावर घालायच्या मांडवासाठीचा हिरवा पाला तिथूनच निघायचा होता. भाता दुरुस्त करणाऱ्याने पेटी हातात देताना बजावलं की उन्हात ठेवू नका, धुळीत ठेवू नका. मी त्याला कुठे निघाले आहे ते सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि जुन्या चादरीची एक खोळ शिवून फुकट दिली.

पाला देणारे भूपालदादा. मिरजेपासून थोड्या अंतरावर त्यांची शेती. जैन शेतकरी, साठीचे, सदरा इतका पांढरा की शेतात हा माणूस काम करतो यावर विश्वास बसू नये. पण सकाळपासून ते कोयता घेऊन शेवरी तोडत होते. पानाचा वेल चढवायला या भागात शेवरी लावतात. उंच, सरळसोट, नाजूक पानांची. बाहेर ऊन रणरणत असताना पानमळ्यात शिरलं की अंगावर कुणी ओलं फडकं टाकल्यासारखं वाटतं. मी तिथेच बसले आणि बराच वेळ उठायचं नाव घेतलं नाही.

"अक्का, हा मळा आता थकलाय," भूपालदादा म्हणाले. "मोडून ऊस लावालोय. शेवरी तोडायचीच हाय, तर जाऊ दे की तुमच्या मांडवाला. बिरूअण्णाची मेंढरं दरसाल आमच्या रानात बसत्यात. आमच्या वडलांच्या वेळेपास्नं."

बिरूअण्णा म्हणजे सुवर्णाचे सासरे. मेंढरं रानात बसवणं ही इकडची जुनी पद्धत. मेंढपाळ रात्री कळप शेतात बसवतो, शेताला खत मिळतं, आणि शेतकरी त्याला धान्य देतो. माझ्या कोकणात शेतात गुरं शिरली की शिव्या देतात. इथे ती बसावीत म्हणून बोलावणं धाडतात. भूपालदादांना अण्णांच्या मेंढरांइतकंच त्यांच्या ओव्यांचंही अप्रूप होतं. रानात मेंढरं बसली की अण्णा बांधावर ओव्या म्हणायचे, आणि हे घरातून सतरंजी घेऊन जायचे.

"आता म्हणत न्हाईत," ते म्हणाले. "सिदूअप्पा गेल्यापासनं."

"वारले?" मी विचारलं.

"छे छे! चांगले ठणठणीत हायत. बोलत न्हाईत एकमेकांशी."

पाच वाजता मला जेवायला बसवलं. आमच्याकडे तेव्हा चहाचं आधण ठेवतात. पण या घरात सूर्य बुडायच्या आत जेवण उरकतं, पाणी कापडातून गाळल्याशिवाय ओठाला लागत नाही, आणि कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, दाट आमटी. कांदा नसूनही आमटी इतकी चवीची होती की मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि काकूंनी हसून सगळं पातेलंच जवळ आणून ठेवलं. रात्री मात्र पोटात कावळे ओरडायला लागले. पिशवीतले दोन आंबे मी अंधारात, आवाज न करता खाल्ले.

विट्याच्या रस्त्याने

पहाटे निघालो. छोट्या टेम्पोत मागे शेवरीच्या मोळ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. पुढे भूपालदादा, मी आणि माझ्या मांडीवर पेटी. तासगावपर्यंत द्राक्षांचे मळे सोबतीला होते. पुढे हिरवं कमी होत गेलं. विट्याच्या आसपास रस्त्याकडेला मोठाले बंगले दिसायला लागले, बहुतेक कुलूपबंद. गलाईवाल्यांचे. वर्षातून एक महिना उघडणारे. या महिन्यात मात्र काही गॅलऱ्यांमध्ये गाद्या वाळत होत्या.

विट्यात चहाला थांबलो आणि बाहेर गलका झाला. चार-पाच शेळ्या टेम्पोवर पुढचे पाय टेकून उभ्या होत्या आणि गोणपाटातून शेवरी ओढून काढत होत्या. भूपालदादा धावले. शेळ्यांची मालकीण, डोईवर पदर घेतलेली बाई, जराही न ओशाळता म्हणाली, "द्या की वो एखादी फांदी, लय दिस हिरवं बघितलं न्हाई त्यांनी." दादांनी दोन फांद्या दिल्या. मायणीच्या थांब्यावर हाच प्रसंग पुन्हा झाला. तिथे तर एक बोकड टेम्पोमागे बरंच अंतर पळत आला.

आम्ही दोघं यावर खूप हसलो. सुशिक्षित बाई मी आणि जन्मभर शेती केलेले ते, पण आपण मेंढपाळांच्या वाडीत चाऱ्याचा मांडव घालायला निघालो आहोत, हे काही दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. दादांच्या लेखी शेवरी म्हणजे वेलाचा आधार, माझ्या लेखी सावली.

मायणी सोडली की मुलूख उघडा पडतो. सपाट माथ्याचे डोंगर, त्यांवर पवनचक्क्या, खाली तांबूस करडा माळ आणि लांब लांब उभ्या बाभळी. कोकणातलं ऊन चिकट असतं, अंगाला बिलगतं. इथलं ऊन घाम दिसूच देत नाही. तो येतो कधी आणि वाळतो कधी कळत नाही, नुसतं मीठ राहतं. वाडीत उतरले तेव्हा माझ्या निळ्या ब्लाउजवर पांढरे नकाशे उमटले होते.

वाडी

वाडी वीस-पंचवीस घरांची असेल. पुढे लिंबाचं मोठं झाड, त्याच्या पलीकडे माळ. माळावर सुवर्णाचे चुलत सासरे, निवृत्त सुभेदार, दोरी लावून चर खणून घेत होते.

"लॅट्रिनची लाइन!" त्यांनी मला माहिती दिली. "पुरुष विंग पूर्वेला, लेडीज विंग पश्चिमेला. वाऱ्याची दिशा चेक केलीय."

महोत्सवाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळं तेच. त्यांनी काम चोख केलं होतं हे मान्य करायला हवं. मोठमोठे रांजण गळ्यापर्यंत वाळूत पुरले होते, वर ओलं गोणपाट. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून मंच केला होता. मीठ-साखरेच्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या. शिवाय प्रत्येक येणाऱ्याला एक कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायचा. भूपालदादांच्या हातावरही सुभेदारांनी कांदा ठेवला आणि मला त्यांच्या घरचा उंबरा आठवला. दादांनी तो उलटसुलट करून बघितला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "खायाचं न्हाई ना? मग असू दे की," ते म्हणाले. पुढचे सगळे दिवस त्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशाला तो फुगवटा होता.

मी कोकणातून कार्यक्रमाचं वेळापत्रक आखून आणलं होतं. दहा ते बारा भजनं, तीन ते पाच गजीढोल, असं सगळं. सुभेदारांनी ते आदराने वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. "मॅडम, धा ते पाच सगळी ट्रूप आडवी असती. ढोलसुद्धा." ढोलाचं कातडं उन्हात तापलं की ताणलं जातं आणि आवाज चढतो, म्हणून दिवसा ढोल घोंगडीत गुंडाळून सावलीत निजवतात. माणसांचंही तसंच. गाणं व्हायचं ते सकाळचं ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी. मी नवीन वेळापत्रक केलं. अण्णांची ओवी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, शेवटी लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

सुवर्णाने भाकऱ्या थापता थापता मला सगळं सांगितलं. धनगरी ओवी एकट्याने होत नाही. एकजण कानावर हात ठेवून ओळ म्हणतो, आणि त्याची ओळ संपते न संपते तोच मागचा ती उचलतो. त्याला झील धरणं म्हणतात. अण्णांची झील जन्मभर सिदूअप्पांनी धरली. अप्पा डोंगरापलीकडच्या, बारा कोसांवरच्या वाडीचे. मग एका वर्षी खाली कृष्णाकाठाला एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची बोली अप्पांची झाली होती आणि बसली अण्णांची. अप्पा पोचेपर्यंत रान गेलं, त्या वर्षी त्यांचे हाल झाले. अण्णा म्हणतात, मला बोली ठाऊक नव्हती. अप्पा म्हणतात, ठाऊक होती. तेव्हापासून अप्पांनी वाट बदलली. अण्णा पूर्वेने उतरले की हे पश्चिमेने.

"मामंजी आता सत्तरीच्या पुढे गेलेत, बाई. त्यांना येतात तेवढ्या ओव्या दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. आणि ते गातच नाहीत. घरातसुद्धा नाही. मी हे सगळं त्यांच्यासाठी मांडलंय. भजनं आणि ढोल नुसतं निमित्त. अप्पांच्या वाडीला गजीढोलाचं आवतण दिलंय, अप्पा ढोल वाजवायला येणार आहेत. एवढ्याच आशेवर मी आहे."

तव्यावरची भाकरी करपली. सुवर्णाने ती स्वतःच्या ताटात टाकली.

संध्याकाळी मी अण्णांशी बोलले. उंच, वाळके, डोक्याला लाल पागोटं. घोंगडीवरचे काटे वेचत बसले होते. मी म्हटलं, वाडीतल्या दोन तरुणांना ओव्या येतात, ते झील धरायला तयार आहेत.

"येत्यात की," ते म्हणाले. "लय चांगली पोरं हायती."

"मग?"

"बाई, माजा दम कुटं सपतो ते त्यास्नी ठावं न्हाई. मी वळ म्हनायची, आन ती मदीच पडली तर? उचलायला कुनी नगं?"

"अप्पांशी एकदा बोलून बघा ना."

ते पुन्हा काटे वेचायला लागले. मी उठले. समजूत घालणं हे माझं काम नव्हे, हे मी फोनवरच सांगितलं होतं.

मांडवाचा दिवस

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मांडवाचं काम चाललं होतं. बांबू आदल्या दिवशीच रोवले होते. त्यांवर आडवे वासे, वाशांवर शेवरी. मंचावर दाट, पुढे लोक बसायच्या जागी थोडी विरळ, आणि पश्चिमेच्या बाजूने झिरमिळ्यांसारखी लोंबती सोडलेली. ऊन डोक्यावर येईस्तोवर माळावर एक हिरवा चौकोन उभा राहिला. वाडीतली माणसं लांब उभी राहून बघत होती. म्हाताऱ्या बायका आत जाऊन नुसत्या बसून आल्या. मला स्वतःला हे काम आपणच केल्याचा अभिमान वाटायला लागला होता, वास्तविक मी फक्त सुतळी धरली होती.

जेवणाची वेळ झाली. सुभेदारांनी अण्णांची ड्यूटी लावली. "तुमी हितंच बसा. मांडवाला नजर ठेवा. आमी जेवून रिपोर्ट करतो." अण्णांची भाकरी तिथेच पाठवली. आम्ही सगळे जेवलो आणि जेवण झाल्यावर, त्या उन्हात दुसरं काही शक्य नसल्याने, जिथे जागा मिळेल तिथे आडवे झालो.

उठलो ते सुभेदारांच्या आरोळीने.

मंचावर शेळ्या होत्या. माझ्या आयुष्यात मी बरेच कार्यक्रम बघितले आहेत, पण मंचाचा इतका पुरेपूर उपयोग कुणी केलेला बघितला नाही. ट्रॉलीवर चढून, मागच्या पायांवर उभ्या राहून, माना ताणून त्या छत खात होत्या. वरून पडेल ते खाली मेंढरं वेचत होती. पश्चिमेच्या झिरमिळ्या संपल्या होत्या. मंचावरचं छत म्हणजे नुसते वासे. लोकांच्या जागेवर कुठे कुठे एखादी डहाळी उरली होती. एक करडू माझ्या पेटीच्या खोळीचा कोपरा चघळत होतं.

आणि या सगळ्याच्या मधोमध, बांबूला टेकून, मांडीवर काठी आडवी ठेवून अण्णा बसले होते. जागे.

सुभेदारांनी दगड भिरकावले, पोरं धावली, कळप हटला. मेंढरांच्या पाठीवर निळा पट्टा होता. तो कुणाच्या कळपाचा ते सगळ्यांनाच माहीत होतं. थोड्या वेळाने ओढ्याकडून सिदूअप्पा आले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पाठीला ढोल. विहिरीवर पाणी शेंदायला थांबले होते, तेवढ्यात वास लागून जनावरं पुढे सुटली होती. बारा कोस चालून आलेली, बरगड्या मोजता येतील अशी. अप्पांनी मांडवाकडे बघितलं आणि पाठीवरचा ढोल उतरवून खाली ठेवला.

लिंबाखाली बैठक बसली. या लोकांत रिवाज असा की कळपाने कुणाचं काही खाल्लं तर मालकाने स्वतःहून पुढे येऊन नुकसान विचारायचं आणि जे ठरेल ते निमूट भरून द्यायचं. त्यात कमीपणा नसतो. कमीपणा लपवण्यात असतो. अप्पा उभे राहिले. अण्णा समोरच बसले होते, पण अप्पांनी तोंड सुभेदारांकडे केलं.

"माज्या शेरडांनी खाल्लं. काय भरून द्यायाचं ते सांगा."

सुभेदार रागाने लाल झाले होते. "काय भरून देताय? उद्या सकाळी प्रोग्राम हाय! सावली कुटनं आनू मी?" मग ते अण्णांकडे वळले. "आन तुमी? तुमची ड्यूटी हुती न्हवं? डोळा लागला का काय तुमचा?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग शेरडं आलेली दिसली न्हाईत?"

"दिसली की. लांबनंच दिसली. वळखली बी."

"मग हाकलली का न्हाई?"

 भूपालदादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"लय उपाशी हुती," अण्णा म्हणाले. "उठलो हुतो मी. काठी बी उचलली. म्होरली शेळी वर चढली, तोंडात पाला घेतला आन डोळं झाकून खायला लागली. मग मला काय हाकलाया झालं न्हाई. बसलो."

  फौजेत ड्यूटीवरच्या माणसाने असं काही सांगितलं तर पुढे काय करतात ते सुभेदारांना नक्की माहीत असणार, पण ते इथे लागू पडत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लिंबाखाली बसलेल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. त्यांच्यातला कुणीही राखणीला असता तरी त्याने हेच केलं असतं.

अप्पा अजून उभेच होते. आता ते अण्णांकडे वळले. पाच की सहा वर्षांनी, असं सुवर्णाने मला नंतर सांगितलं.

"म्हंजी चोरून खाल्लं न्हाई त्यांनी."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "घरचं खाल्लं."

अप्पांनी मान खाली घातली. मग ढोल उचलून पाठीला लावला, जनावरं वळवली आणि ओढ्याच्या पलीकडे, जिथे त्यांच्या वाडीचा तळ पडायचा होता तिकडे निघून गेले.  सुवर्णा दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि कणगीमागे उगाच काहीतरी शोधत बसली. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं, आणि त्या दोन म्हाताऱ्यांसाठीही.

सावलीचा प्रश्न मात्र राहिलाच. भूपालदादा परत मिरजेला जाऊन येतो म्हणाले, पण शेवरी संपली होती. शेवटी सुवर्णाच आतून आली. डोळे लाल, आवाज शाळेतला. "घरोघरच्या घोंगड्या काढा आणि बांधा वर."

"काळी घोंगडी? या उन्हात?" सुभेदार म्हणाले. "मान्सं भाजत्याल!"

"मेंढरू काय पांढरं कापड पांघरून फिरतंय व्हय?" अण्णा म्हणाले.

बायका हसल्या. सगळ्या दिवसात पहिल्यांदा.

पहिला दिवस

उजाडता उजाडता घोंगड्या जमायला लागल्या. वाडीतल्या, आसपासच्या तळांवरच्या, ठिगळांच्या, नव्या कोऱ्या. ऊन जरा वर आल्यावर, आत नुसती धग असेल असं समजून मी गेले, तर लोकर पाण्याने भिजवून बांधली होती आणि खालून वारा येत होता. मेंढरांचा वास मात्र दणकून. भूपालदादांनी नाकाला रुमाल लावला आणि गाठी मारायला वर चढले.

लोक अजून यायचे होते. माईकवाला वायरी पसरत होता. मी मंचावर पेटी काढून सूर तपासत होते. प्रवास, धूळ आणि करडू सोसूनही ती बऱ्यापैकी बोलत होती. अण्णा ट्रॉलीवर चढून कडेला उभे राहिले.

"बाई, तुमचं ते बंद करा जरा."

मी भाता मिटला. त्यांनी पागोटं नीट केलं, डावा हात कानावर ठेवला, माळाकडे तोंड केलं आणि सुंबरान मांडलं. ओवीच्या आरंभी देवाला आठवतात ते सुंबरान. माईक नाही, समोर माणूस नाही. सुवर्णा रांजणात पाणी ओतत होती. तिच्या हातातली घागर तशीच तिरपी राहिली आणि पाणी वाळूवर वाहत गेलं.

आवाज मी कल्पना केली होती त्याहून मोठा होता, आणि थकलेला. वर चढला, लांबला. लांबता लांबता कापरा झाला. मी संगीताची मास्तरीण; दम कुठे संपणार ते मला दिसायला लागलं. ओळ पुरी व्हायला अजून दोन शब्द होते आणि आवाज मधेच पडला.

कुणीच उचलला नाही.

अण्णा तसेच उभे राहिले. हात कानावर, डोळे मिटलेले. ते दोन तरुण एकमेकांकडे बघायला लागले. मी पेटीचा भाता पुन्हा उघडावा का याचा विचार करत होते, तेवढ्यात मांडवाच्या मागून पाय ओढत कुणी चालत आल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ राहिलेले दोन शब्द आले. जाड, खरखरीत, बिनचूक सुरात.

अण्णांनी मागे वळून बघितलं नाही.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"शेरडं पाजून आलो," अप्पा म्हणाले. खांद्यावरची घोंगडी त्यांनी भूपालदादांकडे वर फेकली आणि ट्रॉलीवर चढून अण्णांच्या मागे उभे राहिले. "तुजा दम लय तोकडा झालाय रं."

"म्हातारा झालो गड्या."

"ऱ्हाऊ दे. मी आदीच उचलतो. मांड परत."

अण्णांनी पुन्हा कानावर हात ठेवला. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे त्यांची ओवी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होती, आणि सकाळचं भजनी मंडळ टाळ घेऊन ट्रॉलीखाली ताटकळत उभं होतं. सुभेदारांनी त्यांना हातानेच खाली बसायची ऑर्डर दिली. मी पेटीला खोळ घातली आणि सुवर्णाशेजारी वाळूत जाऊन बसले. ऊन चांगलं चढलं तरी त्या दोघांना कुणी थांबवलं नाही.